रणगाड्यातून हॅमच्या टेबलावर

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या आणि दुसऱ्याच दिवशी औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, त्यांच्या ताब्यात आले. या पोलीस ॲक्शनच्या आठवणींत रझाकार येतात, रणगाडे येतात. रणगाड्याच्या पोटातला रेडिओ मात्र कुणी आठवत नाही. लष्कराची बिनतारी सामग्री तेव्हा बहुतांशी महायुद्धातलीच होती आणि राष्ट्रकुलातल्या रणगाड्यांचा नेहमीचा संच म्हणजे 'वायरलेस सेट नंबर १९'.

केंब्रिजच्या 'पाय' कंपनीने तो घडवला. लांबच्या संपर्कासाठी २ ते ८ मेगाहर्ट्झचा 'ए' संच, शेजारच्या रणगाड्याशी बोलायला 'बी' संच आणि आतल्या माणसांसाठी इंटरकॉम, अशी तीन कामे एका पेटीत. यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तबकडीवरच्या लाल आणि निळ्या खुणा. दोन वारंवारिता आधीच जुळवून पक्क्या करून ठेवायच्या; मग हिंदकळत्या रणगाड्यातही ऑपरेटरला ठरलेली जागा झटकन पकडता येई. कॅनडात बनलेल्या काही संचांवर इंग्रजीबरोबर रशियन अक्षरेही होती, कारण माल सोव्हिएत फौजांकडे जायचा होता.

अशा संचांच्या मजबुतीचे श्रेय लोक जाड पत्र्याला देतात. मला ते अर्धेच पटते. खरी करामत बिघाड आधीच गृहीत धरण्यात होती. व्हॉल्व्ह काचेचा, पण विजेच्या बाबतीत सोशिक. क्षणभर जास्त प्रवाह गेला तर त्याची प्लेट लालबुंद होते आणि वेळीच बंद केले तर पुन्हा ताळ्यावर येते. ट्रान्झिस्टर एवढी उसंत देत नाही. शिवाय व्हॉल्व्ह बेसमध्ये खोचलेला. गेला तर उपटून दुसरा बसवायचा. १९च्या प्रक्षेपकातला ८०७ हा व्हॉल्व्ह पुढे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींचा लाडका झाला.

दुसरा धडा पूर्वेकडच्या जंगलांनी दिला. ब्रह्मदेशात आणि न्यू गिनीत गोळी न लागताच संच मरू लागले. दमटपणाने तारांवर बुरशी चढे आणि वीज नको तिथून पाझरे. म्हणून आतल्या भागांवर बुरशीनाशक मिसळलेले व्हार्निश चढवले गेले. अमेरिकन संचांवर 'एम.एफ.पी.' असा शिक्का दिसतो, तो याच लेपाचा.

युद्ध संपले आणि हा माल 'डिस्पोजल' म्हणून बाजारात आला. २ ते ८ मेगाहर्ट्झमध्ये हॅमचे साडेतीन आणि सात मेगाहर्ट्झचे पट्टे अलगद बसतात, त्यामुळे रणगाड्यातला संच थेट टेबलावर आला. सात मेगाहर्ट्झच्या आसपासची जागा आपल्याला आणखी एका कारणाने ओळखीची वाटायला हवी. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच सरकारने हॅमचे परवाने रद्द केले. तरी १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा काँग्रेस रेडिओ मुंबईत ४२.३४ मीटरवर, म्हणजे सातच्या किंचित वर, बोलत होता. त्याचा प्रक्षेपक जमवला होता नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञाने. ऑगस्टच्या अखेरीपासून १२ नोव्हेंबरच्या अटकेपर्यंत जागा बदलत बदलत तो चालला. कारखान्यातला लष्करी टिकाऊपणा त्याच्यापाशी नव्हता, पण हाताने जुळवलेले हाताने दुरुस्त करता येते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भूकंपाने हादरली तेव्हा मदतीला हॅमही धावले. तोवर टेबलावर हलके ट्रान्झिस्टर संच आले होते आणि व्हॉल्व्हवाले जुने धूड घेऊन आपत्तीत जा, असे मीही म्हणणार नाही. बॅटरीवर चालणारा संच पाठीवर घेऊन जाता येणे हीही मजबुतीच.

आता भंगारात असा संच मिळाला तर उत्साहाच्या भरात लगेच वीज लावू नका. पत्रा शाबूत असतो, पण कागदी कंडेन्सर गळके झालेले असतात आणि तारांवरचे रबर हात लावताच झडते. आधी ते बदलावे, मग मालिकेत बल्ब जोडून व्होल्टेज हळूहळू चढवावे. अंधारात चमकण्यासाठी त्या काळच्या काही तबकड्यांवर रेडियमचा रंग असे. चमक कधीच विझली तरी किरणोत्सर्ग उरतो, म्हणून तो रंग खरवडायचा नाही आणि तबकडीची काच उघडायची नाही.