थिजणारे तूप आणि आपले हृदय

थंडीत तुपाचे भांडे उघडून पाहा. तूप थिजलेले असते. खोबरेल तेलही थिजते. पण शेंगदाण्याचे तेल बहुधा पातळच राहते. असे का?

तूप, लोणी, तेल हे स्निग्ध पदार्थ. थिजण्याचा गुण त्यांतल्या ज्या भागाचा, त्याला ‘संपृक्त’ स्निग्ध म्हणतात. तुपात १०० भागांपैकी सुमारे ६० भाग संपृक्त असतात. खोबरेल तेलात ८० हून जास्त. शेंगदाणा तेलात २० च्या आसपास. करडईच्या तेलात त्याहून कमी.

संपृक्त स्निग्ध फार पोटात गेले, की रक्तात वाईट कोलेस्टेरॉल वाढते. कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ आहे. शरीराला तो थोडा लागतोच. पण फार झाला, की रक्तवाहिनीत थर धरतो. पाटात गाळ साचला की पाणी अडते ना? तसेच हृदयाकडे जाणारे रक्त अडते आणि झटका येतो.

मग तूप सोडायचे का? निरोगी माणसाने भाकरीवर चमचाभर घेतले तर बिघडत नाही. वाटीने ओतू नये, एवढेच. दूध-दह्यातही असेच स्निग्ध असते. पण त्यांचा अपाय लोण्याइतका दिसून आलेला नाही. हृदयाचा विकार असेल, त्याने मात्र डॉक्टरांना विचारावे.

वनस्पती तूप वेगळे. ते पातळ तेल कारखान्यात घट्ट करून बनवतात. त्यात ‘ट्रान्स फॅट’ तयार होई. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले घटवते. म्हणून २०२२ पासून आपल्या देशात खाण्याच्या तेला-तुपात ते १०० ला २ भागांहून जास्त ठेवता येत नाही. तरी वनस्पती टाळलेलेच बरे. तळणीचे तेलही पुन्हापुन्हा तापवू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. काही जण तूप बंद करतात, अन् साखर, मैद्याची बिस्किटे वाढवतात. त्याने हृदयाचे भले होत नाही. मधुमेहाची भीती मात्र वाढते. तुपाच्या जागी थोडे शेंगदाणा किंवा करडईचे तेल, डाळी, उसळी घ्याव्यात.

किती खावे? बैठे काम करणाऱ्याला दिवसाला तूप-तेल मिळून २५ ग्रॅम, म्हणजे पाच लहान चमचे, पुरे. शेतात राबणाऱ्याला थोडे जास्त चालते. चार माणसांच्या घराला महिन्याला तीन किलो झाले. तुमच्या घरी किती लागते? आजच पाटीवर हिशेब मांडून पाहा.