तळ्याकाठची चित्रवही

परभणीहून जिंतूरकडे जाताना वाटेत झरी हे गाव लागते. हिवाळ्यात या भागातल्या एखाद्या तलावावर सकाळी लवकर जाऊन पाहा. उथळ पाण्यात शेकाट्या दिसेल. त्याचे पाय लांब, बारीक आणि गुलाबी असतात. जणू काड्यांवर चालणारा पक्षी! पलीकडे नारिंगी रंगाच्या बदकांची जोडी दिसली, तर ते चक्रवाक समजा. हा शब्द तुम्हांला नवा वाटेल. पण पक्षी नवा नाही. उर्दूत त्यालाच सुर्खाब म्हणतात. कोणी फार ऐट करू लागला, की 'याला काय सुर्खाबाची पिसे लागली आहेत?' असे घरी म्हणतात ना, तोच हा सुर्खाब. लडाख, तिबेट, मध्य आशिया इतक्या दुरून तो आपल्याकडे येतो.

पण हे सारे तुम्ही घरी नुसते तोंडी सांगितले, तर ऐकणाऱ्याला काय दिसणार? बादशहा जहांगीरलाही असेच वाटले होते. त्याचे पणजोबा बाबर यांनी प्राण्यांची वर्णने लिहिली. पण त्यांची चित्रे काढवून घेतली नाहीत, असे जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. त्याने स्वतः मात्र चित्रकारांना कामाला लावले. त्यांतला एक उस्ताद मन्सूर. बादशहाने त्याला 'नादिर-उल-अस्र' हा किताब दिला. त्याचा अर्थ तुम्हांला सांगायला नकोच!

मन्सूरचे पांढऱ्या सायबेरियन क्रौंचाचे चित्र कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. त्यात उघड्या कातडीवरच्या सुरकुत्या आहेत. नख्यांना चिकटलेली बारीक पिसेसुद्धा आहेत. पल्लास या शास्त्रज्ञाने या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन १७७३ मध्ये केले. मन्सूरने तो त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी रंगवला होता. हे क्रौंच दर हिवाळ्यात राजस्थानातील भरतपूरला येत असत. वाटेत त्यांची शिकार होई, पाणथळ जागाही कमी होत गेल्या. शेवटची जोडी २००२ मध्ये दिसली. त्यानंतर भरतपूरच्या पाण्यावर ते आले नाहीत. चित्र मात्र आहे.

जहांगीर स्वतःही बारकाईने पाहत असे. त्याच्याजवळ सारस पक्ष्यांची एक जोडी होती. नावे होती लैला आणि मजनू! रात्री मादी अंड्यांवर बसे आणि नर पहारा देई. सूर्य उगवला, की नर तिच्या पाठीवर चोच मारून तिला उठवी व स्वतः बसे. हे सारे त्याने लिहून ठेवले आहे. आज महाराष्ट्रात सारस पाहायचा, तर गोंदियाकडे जावे लागते आणि तेथेही तो मोजकाच उरला आहे.

आता तुमची वही काढा. सूर्य पाठीमागे राहील असे बसा. भडक कपडे नकोत. पक्षी हलतो, उडतो. म्हणून आधी पिसे काढत बसू नका. अंड्यासारखा एक गोल काढा, ते शरीर. मग मानेचा बाक, चोच आणि पाय. पाय पाण्यात किती बुडाले आहेत, ती रेघ विसरू नका. पाणी किती खोल आहे, हे तिच्यावरूनच कळते. रंग शब्दांत लिहा : 'चोच काळी, पाय गुलाबी'. रंग घरी भरता येतील. खाली तारीख, वेळ आणि जागा लिहा. घरट्याजवळ मात्र जाऊ नका. घाबरून पक्षी उडाला, तर अंडी उन्हात उघडी पडतात.

चित्रे वहीत मिटून ठेवू नका. मुंबईत जन्मलेले पक्षितज्ज्ञ सालीम अली यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हे पुस्तक १९४१ मध्ये निघाले. त्यातील रंगीत चित्रांमुळे सामान्य माणूसही पक्षी ओळखू लागला. तुम्ही शाळेच्या व्हरांड्यात दोरी बांधा आणि चित्रे लावा. प्रत्येकाखाली मराठी आणि उर्दू, दोन्ही नावे लिहा : चक्रवाक - सुर्खाब, खंड्या - किलकिला, बगळा - बगुला. मासे धरणाऱ्या एखाद्या चाचांना आणि शेतावरच्या एखाद्या काकांना मुद्दाम बोलवा. ते म्हणतील, "बाळ, शेकाट्याचे पाय एवढे आखूड नसतात." मग लाजू नका. तेथेच रबर घ्या, पाय पुसा आणि त्यांना विचारून पुन्हा काढा.