उचल, कोयता आणि कोपीतलं मूल

सातारा-सांगलीतल्या साखर कारखान्यांची धुराडी पेटली की कृष्णाकाठच्या फडांवर बीडपासून जतपर्यंतच्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरतात. नवराबायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल हंगामभर तोडणी करून फेडायची. पहाटे दोघंही फडात गेली की तान्हं पोर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, थोरल्या बहिणीच्या कमरेवर. बालहक्कांच्या भाषेत ही हेळसांड. पण तिचं मूळ आईबापांच्या स्वभावात की उचलीच्या हिशेबात? अमेरिकेत रायसियन आणि बुलिंगर या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं, की किमान वेतन तासाला एक डॉलरने वाढलं तेव्हा मुलांच्या हेळसांडीच्या तक्रारी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास घटल्या. तिथे पालकांना कुणी संस्कारवर्गाला बसवलं नव्हतं.

यावर आक्षेप ठरलेला: गरीब घरांत काय सगळेच मुलांना छळतात? मुळीच नाही. आणि खात्यापित्या घरांतही हात उगारला जातोच. केंद्र सरकारच्या २००७च्या तेरा राज्यांतल्या पाहणीत तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं होतं. शिवाय कोपीला दार नसतं, बंगल्याला असतं, त्यामुळे कुणाचं आधी दिसतं हे उघड आहे. म्हणजे टंचाई माणसाला क्रूर बनवत नाही; ती झोप, वेळ आणि सांभाळणारं माणूस हिरावते, आणि धोका वाढतो. लैंगिक अत्याचार मात्र नुसत्या पैशाने थांबत नाहीत. तिथे पॉक्सो कायदाच हवा. हेळसांडीचं तसं नाही. फडाजवळचं पाळणाघर आणि तोडणीचा वाढीव दर हीसुद्धा बालसंरक्षणाचीच कामं आहेत, जरी ती त्या खात्याच्या कागदावर नसली तरी.