गाडीचा माटव वाऱ्यात टिकेल का?

मसुऱ्याच्या आंगणेवाडीतली भराडी देवीची जत्रा पंचांग बघून ठरत नाही. देवीचा कौल होतो, तारीख जाहीर होते आणि मग मुंबईचे चाकरमानी रजेच्या खटपटीला लागतात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास हा दिवस येतो तेव्हा मालवण, कणकवली, आचरा अशा सगळ्या बाजूंनी गाड्यांची रीघ लागते. दाटीवाटीच्या त्या दिवसांत राहायला खोली मिळणं कठीण. त्यामुळे झोपायची जागा, शेगडी आणि पाण्याची टाकी आत बसवलेली गाडीच घेऊन कोकणात उतरावं, असं वाटणारी कुटुंबं हळूहळू वाढत आहेत. राज्य सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं स्वतंत्र धोरण आणलं.

पण मसुऱ्याच्या उन्हात दुपारी अशा गाडीत बसून बघा, पत्रा तापलेला असतो. खरा वावर गाडीच्या बाहेर, दाराशेजारच्या सावलीत होतो. ती सावली देणारं, गुंडाळून ठेवता येणारं कापडी छप्पर म्हणजे ऑनिंग. गाडीवरची ही सगळ्यात हवीशी वस्तू आणि सगळ्यात निष्काळजीपणे बसवली जाणारीही हीच.

आपल्याकडे खळ्यात माटव घालतात तो आठवा. मेढी जमिनीत पुरायच्या, त्यांवर आडव्या काठ्या टाकायच्या, काथ्याने आवळायचं आणि वर झावळांची चुडतं पसरायची. हा माटव घराला लागून असला तरी घरावर टांगलेला नसतो. त्याचा भार त्याच्या मेढी घेतात. चुडतांमधून थोडा वारा आरपार जातो, म्हणून तो सहसा उचलला जात नाही. ऑनिंगमध्ये या दोन्ही गोष्टी उलट आहेत. तिची एक बाजू गाडीच्या अंगावर टांगलेली असते आणि कापड वारा आरपार सोडत नाही. धोका तिथेच आहे.

किती धोका, ते आकड्यांत बघू. ३ मीटर लांब आणि अडीच मीटर पुढे आलेली ऑनिंग म्हणजे साडेसात चौरस मीटर कापड. ताशी ६० किलोमीटरचा झोत त्यावर नीट बसला, तर साधारण सव्वाशे किलोचा जोर लागतो. ताशी ३० ला तोच जोर तीस-बत्तीस किलो असतो. वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे भौतिकशास्त्र समुद्रकिनारी कायम लक्षात ठेवावं. शिवाय वारा खालून शिरला की छप्पर दाबलं न जाता वर ओढलं जातं. पत्र्यात पिळलेले स्क्रू अशा ओढीपुढे फार टिकत नाहीत.

म्हणून पहिला प्रश्न ऑनिंग कोणत्या कंपनीची हा नाही. तिचे ब्रॅकेट गाडीच्या कशाला धरले आहेत, हे आधी विचारायला हवं. ट्रॅव्हलरसारख्या गाडीचा बाहेरचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो. त्याच्या आत उभे पिलर आणि छताच्या कडेने जाणारं आडवं चॅनेल असतं. भार घेण्याची ताकद तिथे आहे. आतली सजावट झाली की हा सांगाडा फोम आणि प्लायच्या मागे दडतो. तेव्हा ऑनिंग बसवायची असेल तर आतलं काम सुरू होण्याआधीच जागा ठरवावी. उशीर झाला असेल तर आतलं पॅनेल उघडून पिलर शोधावा. बाहेरून ठोकून आवाजावर अंदाज बांधणाऱ्या मिस्त्रीच्या भरवशावर सव्वाशे किलो टांगू नयेत.

ऑनिंगची पेटी, म्हणजे कापड आणि ते ताणून धरणारे घडीचे हात गुंडाळून ठेवणारी अॅल्युमिनियमची लांब नळकांडी, एकटीच वीस-पंचवीस किलोची असते. खड्ड्यांतून जाताना तेवढं वजन ब्रॅकेटला सतत हादरे देतं. दोनपेक्षा तीन ब्रॅकेट बरे. प्रत्येकाचा बोल्ट आरपार जावा आणि आतल्या बाजूला तळहाताएवढी, तीनेक मिलिमीटर जाडीची पट्टी लावून त्यावर नट आवळावा. भार त्यामुळे एका भोकावर न पडता पसरतो. दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये फोम असलेली भिंत असेल, तर आणखी जपावं लागतं. तिथे नुसता बोल्ट आवळला की फोम दबतो आणि काही महिन्यांत बोल्ट सैल होतो. बोल्टभोवती आत नळी बसवून आवळणं हा त्यावरचा उपाय.

किनाऱ्यावरच्या गाड्यांना आणखी एक शत्रू आहे तो म्हणजे खारी हवा. मालवणच्या बाजूला जुन्या टेंपोच्या बाजूला लावलेला एखादा कॅरियर किंवा शिडीचा ब्रॅकेट जवळून पाहा. ब्रॅकेटच्या खाली तपकिरी ओघळ दिसतो. रंग खरवडला की खाली पत्रा पापुद्र्यासारखा सुटतो. सुरुवात भोकाच्या कापलेल्या कडेपासून होते, कारण ड्रिल मारताना तिथला रंग आणि गॅल्व्हनायझिंग दोन्ही निघून जातं. भोक पाडल्यावर कड घासून गुळगुळीत करावी आणि गंजरोधक प्रायमर लावून सुकू द्यावा. मगच ब्रॅकेटच्या मागे सीलंट भरून बोल्ट आवळावा. ब्रॅकेटच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांवर सीलंट फिरवावं, खालची कड मात्र मोकळी सोडावी. पाणी कुठूनतरी शिरणारच, त्याला बाहेर पडायला वाट हवी. बोल्ट ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना लागले की अॅल्युमिनियम झिजतं, तेव्हा मध्ये नायलॉनचा वॉशर टाकावा. पहिल्या लांबच्या प्रवासानंतर सगळे नट पुन्हा तपासावेत.

बाजू डावीच हवी. आपल्याकडे प्रवाशांचं दार तिकडे असतं आणि उजवीकडून वाहतूक जाते. सरकतं दार आणि मागचं दार पूर्ण उघडून पेटीला लागत नाही ना, हे भोकं पाडण्याआधी बघावं. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार गाडीत मनमानी बदल करता येत नाहीत, म्हणून मोटर कॅराव्हॅनच्या मंजुरीच्या वेळीच ऑनिंग कागदोपत्री यावी. आणि मसुऱ्याकडे येणाऱ्या अरुंद रस्त्यांवर आंबा-काजूच्या फांद्या गाडीच्या अंगाला घासतात, तिथे बाहेर आलेली पेटी पहिला मार खाते.

आता जमीन. अर्धं काम इथेच असतं, कारण गाडीकडच्या बाजूने निम्मा जोर जातो आणि उरलेला निम्मा ऑनिंगच्या पुढच्या कडेखालच्या दोन पायांवर येतो. सव्वाशे किलोच्या हिशेबात प्रत्येक पायाला तीस किलोंहून जास्त ओढ. मसुऱ्याच्या परिसरात जमीन थोड्या थोड्या अंतरावर बदलते. कातळावर, सड्यावर जांभा उघडा पडलेला असतो. तिथे खुंटी शिरत नाही आणि शिरली तरी कड फुटते. तिथे जांभ्याचा चिराच कामाला येतो. एक चिरा साधारण पंचवीस-तीस किलोचा भरतो. पायाला दोन चिरे बांधले की वर लिहिलेली ओढ सांभाळून थोडं हातचं राहतं. भातकापणी झालेल्या मळ्यात जमीन वरून कडक असते, पण लांब खुंटी तिरकी ठोकली तर धरते. खुंटीचं डोकं गाडीपासून दूर कललेलं असावं. तोंडवळी-तळाशीलच्या बाजूला वाळूत उतरलात तर खुंटीचा नाद सोडा. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत वाळू भरून, तोंड बांधून, गुडघाभर खड्ड्यात पुरावी आणि तिला दोर बांधावा. गोणीचं वजन आणि तिच्यावर दाबलेली वाळू, दोन्ही मिळून ओढीला विरोध करतात.

दोर नायलॉनचा नको. भिजला की जास्त ताणतो, आणि ताण गेला की कापड फडफडू लागतं. शिवण उसवते, हातांच्या सांध्यांना झटके बसतात ते या फडफडीनेच. पॉलिएस्टरचा दोर बरा. ट्रकवाले ताडपत्री आवळताना दोराच्या मध्ये फास घेतात, मोकळं टोक हुकातून वळवून त्या फासात ओवतात आणि खाली ओढतात. एका माणसाच्या हाताने दोर तारेसारखा ताणला जातो आणि एका हिसक्यात सुटतोही. ती गाठ आधी घरी शिकून घ्यावी.

पाण्याचाही हिशेब आहे. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे महिन्यातल्या वळवाच्या सरी सांगून येत नाहीत. सपाट ताणलेल्या कापडावर एक चौरस मीटरचं, १० सेंटिमीटर खोल डबकं साचलं, तर ते १०० किलो पाणी झालं. म्हणून गाडीपासून पुढे अर्धा-पाऊण मीटर उतार द्यावा आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा खाली ठेवावा, म्हणजे पाणी एका कोपऱ्यातून ओघळेल.

इतकं सगळं करूनही माझं मत असं आहे की किनारपट्टीवर ऑनिंग ही वाऱ्याशी लढायची वस्तू नाही. दिवसा समुद्राकडून खारा वारा येतो, उन्हाळ्याच्या दुपारी तो चांगलाच जोर धरतो. रात्री आणि पहाटे मतलई जमिनीकडून उलटा येतो. सकाळी निवांत वाटलेली ऑनिंग दुपारी वेगळ्याच दिशेने ओढ खाते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा घरांची कौलं आणि शाळांचे पत्रे उडाले, कापडाची गोष्ट तर दूरच. चांगली फिटिंग तुम्हाला गुंडाळायला पाच-दहा मिनिटं देते. वादळात उभं राहायची हमी ती देत नाही.

तेव्हा जत्रेला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत गाडी घेऊन मसुऱ्याला येणार असाल तर गाडी उभी केल्यावर आधी वारा कुठून येतो ते बघा आणि ऑनिंग आडोशाच्या बाजूला उघडा. देवदर्शनाच्या रांगेत जाण्याआधी आणि रात्री झोपण्याआधी ती गुंडाळा, हात कुलूपबंद करा. गाडी सुरू करायच्या आधी कोणीतरी खाली उतरून पेटी बंद आहे ना, हे डोळ्यांनी बघून घ्या.