अश्रूंवर तरंगणारी लेन्स

१८८८ साली आडोल्फ ऑयगेन फिक या जर्मन नेत्रवैद्याने एक निबंध प्रसिद्ध केला. झुरिकमध्ये काम करताना त्याने काचेच्या पातळ वाट्या बनवून घेतल्या, त्या आधी सशांच्या डोळ्यांवर आणि मग स्वतःच्या डोळ्यावर बसवल्या. वाटी आणि डोळा यांच्यामधल्या फटीत तो द्राक्षशर्करेचे द्रावण भरत असे. दृष्टी सुधारली खरी. पण काही तासांत नजरेसमोर धुके यायचे आणि दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायची. पुढच्याच वर्षी कील विद्यापीठात आउगुस्ट म्युलर या विद्यार्थ्याने, ज्याचा स्वतःचा चष्मा उणे चौदा नंबरचा होता, अशीच लेन्स घालून पाहिली. डोळा कोकेनने बधिर करूनही अर्ध्या तासाच्या पुढे त्याला ती सोसेना.

त्या धुक्याचे कोडे उलगडायला साठ वर्षांहून अधिक काळ गेला. डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग म्हणजे पारपटल, अर्थात कॉर्निया. त्यात रक्तवाहिन्या नसतात; असत्या तर आपल्याला आरपार दिसलेच नसते. त्यामुळे त्याला लागणारा बहुतेक ऑक्सिजन अश्रूंत विरघळून थेट हवेतून येतो. १९५२ साली स्मेल्सर आणि ओझॅनिक्स या संशोधकांनी डोळ्यांवर हवाबंद गॉगल बसवून आत ऑक्सिजनविरहित वायू सोडला, तेव्हा लेन्स नसतानाही तेच धुके, तीच रंगीत कडी दिसली. पारपटल गुदमरून सुजत होते.

तोपर्यंत काचेची जागा पीएमएमए या कडक प्लास्टिकने घेतली होती. कॅलिफोर्नियातल्या केविन टूही याने १९४८ मध्ये डोळ्याचा पांढरा भाग मोकळा सोडून केवळ पारपटलावर बसणारी छोटी लेन्स तयार केली. मोठी लेन्स घासताना तिची कड तुटली आणि मधला तुकडाच त्याने डोळ्यावर ठेवून पाहिला, अशी गोष्ट सांगतात. पीएमएमएमधून ऑक्सिजन जवळजवळ जातच नाही, पण प्रत्येक उघडझापीबरोबर लेन्स किंचित हलते आणि तिच्याखालच्या अश्रूंपैकी दहा ते वीस टक्के बदलले जातात. मऊ लेन्सखाली हे प्रमाण टक्काभरच असते. १९७०च्या दशकात सिलिकॉनयुक्त प्लास्टिक आले आणि ऑक्सिजन लेन्समधूनच आरपार जाऊ लागला. आजची कडक लेन्स ती हीच. आपल्याकडचे चष्मेवाले तिला ‘सेमी-सॉफ्ट’ म्हणतात, पण बोटांना ती कडकच लागते.

कडकपणाच तिचा गुण आहे. केराटोकोनस या विकारात पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते, आणि चष्म्याने कितीही नंबर दिला तरी अक्षरे फाटलेलीच दिसतात. मऊ लेन्स त्या उंचसखल पृष्ठावर तसाच आकार घेते. कडक लेन्स घेत नाही. तिच्या आणि पारपटलाच्या मधली पोकळी अश्रू भरून काढतात. अश्रू आणि पारपटल यांचा अपवर्तनांक जवळपास सारखा, १.३३६ आणि १.३७६, असल्याने प्रकाशाच्या दृष्टीने खालची बरीचशी वेडीवाकडी जमीन जणू सपाट होते.

पहिले काही दिवस डोळ्यात खुपते. ते खुपणे मुख्यतः पापणीच्या कडेला जाणवते, म्हणून खाली पाहिले की बरे वाटते. सुरुवातीला तीन-चार तास, मग रोज थोडे वाढवत जायचे. मध्ये खंड पडला तर पुन्हा कमी तासांपासून सुरुवात. दुचाकीवरून जाताना मात्र एखादा धूलिकण लेन्सखाली गेला तर डोळ्यातून धारा लागतात, गॉगल हवाच.

लेन्स हाताळण्यापूर्वी साबणाने हात धुऊन धागे न सुटणाऱ्या कापडाने कोरडे करावेत. डोक्याला तेल, डोळ्यांत काजळ, चेहऱ्याला क्रीम हे सगळे लेन्स चढवल्यानंतर. आणि काजळ पापणीच्या आतल्या कडेला नकोच. बेसिनची जाळी आधी बंद करावी, नाहीतर लेन्स वाहून गेलीच म्हणून समजा. रात्री काढल्यावर क्लीनरचे थेंब टाकून तळहातावर हलकेच चोळावी. दोन बोटांत दाबून चोळल्यास ती वाकते किंवा तडकते. मग निर्जंतुक सलाइनने धुऊन डबीत ताज्या द्रावणात ठेवावी. कालच्या द्रावणात नवे मिसळू नये. डबी रोज रिकामी करून उघडी वाळवावी आणि दर तीन महिन्यांनी बदलावी.

सर्वात जास्त चुका पाण्याच्या बाबतीत होतात. एके काळी कडक लेन्स नळाखाली धुण्याचा सल्ला खुद्द जाणकारच देत. पण नळाच्या, विहिरीच्या, तलावाच्या पाण्यात अकँथअमिबा हा एकपेशीय जीव असू शकतो, आणि त्याची कवचबंद अवस्था क्लोरीनलाही दाद देत नाही. पारपटलावरच्या बारीकशा ओरखड्यातून तो आत शिरला तर असह्य वेदना होतात, उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि कधी नजरही जाते. म्हणून लेन्स घालून पोहणे किंवा शॉवर घेणे टाळावे. जिभेवर ओली करण्याची सवय तर त्याहून वाईट. जंतू मारण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइडची पद्धत उत्तम, पण डबीतल्या प्लॅटिनमच्या चकतीने ते निष्प्रभ होईपर्यंत, म्हणजे किमान सहा तास, लेन्स डोळ्याला लावू नये.

लेन्स सरकून पांढऱ्या भागावर गेली तर घाबरायचे कारण नाही. पापणीच्या आतली त्वचा वळून नेत्रगोलाला जोडलेली असल्याने लेन्स डोळ्यामागे जाऊच शकत नाही. कोरडी पडून चिकटली असेल तर ओलावा देणारे थेंब घालून, थोडे थांबून काढावी. नखाने ओढू नये. लेन्स काढायचा रबरी प्लंजर लेन्सवरच टेकवायचा, उघड्या पारपटलावर कधीच नाही. लाली, दुखणे, उजेड सहन न होणे, किंवा लेन्स काढल्यावरही धूसर दिसणे, यांपैकी काहीही झाले तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

झोपताना ही लेन्स काढायचीच, कारण मिटलेल्या डोळ्याला ऑक्सिजन निम्म्याहून कमी मिळतो. याला एक अपवाद आहे, ऑर्थो-के. कडक लेन्सने पारपटलाचा आकार हळूहळू बदलतो. लेझर शस्त्रक्रियेच्या मोजमापाआधी ती काही आठवडे बंद ठेवायला सांगतात ते यामुळेच. ऑर्थो-केमध्ये हाच परिणाम मुद्दाम साधतात: रात्रभर लेन्स घालायची, सकाळी काढायची, आणि दिवसा चष्म्याशिवाय वावरायचे. त्यासाठी ऑक्सिजन भरपूर सोडणारे खास प्लास्टिकच वापरतात, स्वच्छतेचे नियम दुप्पट कडक असतात, आणि लेन्स थांबवली की काही दिवसांत जुना नंबर परत येतो.