नासिका : फुफ्फुसांची द्वारपाल

नासिका हे शिराचे द्वार होय, हे नस्यकर्म करणाऱ्या प्रत्येक वैद्यास ज्ञात आहे. परंतु ती फुफ्फुसांचीही द्वारपाल आहे, ही बाब नित्याच्या चिकित्साव्यवहारात मागे पडते, असे आम्हांस वाटते.

प्रौढ मनुष्य दिवसाकाठी सुमारे १०,००० लिटर हवा आत घेतो. पुण्यातील थंडीची पहाट घेऊ. १० अंश सेल्सिअस तापमानास एक घनमीटर हवेत फार तर ९ ग्रॅम बाष्प सामावते. फुफ्फुसांत पोहोचणारी हवा मात्र ३७ अंशांची व पूर्ण आर्द्र, म्हणजे सुमारे ४४ ग्रॅम बाष्प असलेली असावी लागते. ही तूट बव्हंशी नासिकाच भरून काढते. दोन्ही बाजूंच्या तीन-तीन शुक्तिकांवरील रक्तसंपन्न श्लेष्मल त्वचेवरून जाताना हवा तापते, भिजते आणि धूळही तेथील कफास चिकटते. सूक्ष्म रोमके तो कफ साधारणतः १० ते २० मिनिटांत घशाकडे वाहून नेतात. उच्छ्वासाच्या वेळी गार झालेल्या त्याच त्वचेवर काही बाष्प पुन्हा जमते. तोंडाने श्वास घेणारा रुग्ण ही बचत गमावतो. सकाळी त्याचा घसा कोरडा पडतो तो म्हणूनच.

नाकपुड्या काही तासांच्या अंतराने आलटूनपालटून भरतात व मोकळ्या होतात. (स्वरशास्त्राने याची दखल फार पूर्वीच घेतली आहे.) म्हणून ‘एक नाक बंद’ या तक्रारीत बाजू बदलते का, हे आधी विचारावे.

आता औषधी दुकानदार बंधूंसाठी. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन यांचे थेंब रक्तवाहिन्या आकुंचित करून नाक तत्काळ मोकळे करतात. मात्र सलग काही दिवसांहून अधिक वापरल्यास सूज उलटते आणि ग्राहक पुन्हा तीच बाटली मागू लागतो. अशा ग्राहकास वैद्याकडे अथवा डॉक्टरांकडे पाठवावे.

तैलाच्या बाबतीतही विवेक हवाच. रूक्ष नासिकेस प्रतिमर्श हितकर खरा. परंतु नवप्रतिश्यायात नस्य शास्त्रानेच वर्ज्य सांगितले आहे. शिवाय तैल श्वासनलिकेत उतरले तरी खोकला येईलच असे नाही, आणि रोमकांना ते पुरतेपणी बाहेर काढता येत नाही. ते फुफ्फुसात साचून न्यूमोनिया झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. वाग्भटांनी प्रतिमर्श आजन्म सांगितला असला तरी तान्ह्या बालकांच्या, तसेच पक्षाघातामुळे वा वार्धक्याने गिळण्यास अडचण असलेल्यांच्या नाकात तैल घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. अणुतैलाची बाटली देताना ती कोणासाठी आहे, एवढे दुकानातच विचारावे.