परिरक्षित लाकूड : हाताळणी आणि विल्हेवाट

जंगलात उन्मळून पडलेले झाड कालांतराने मातीत मिसळून जाते. बुरशी, वाळवी आणि लाकूड पोखरणारे भुंगेरे हे काम करतात आणि निसर्गाच्या दृष्टीने ते आवश्यकच असते. परंतु तेच लाकूड तारेचा खांब किंवा रेल्वेचा स्लीपर म्हणून वापरावयाचे झाल्यास ते दीर्घकाळ टिकले पाहिजे. सागाच्या गाभ्यात ही शक्ती उपजतच असते. चीड, सावर यांसारख्या लाकडांना मात्र ती रसायनांच्या द्वारे बाहेरून द्यावी लागते.

इंग्लंडमध्ये जॉन बेथेल याने 1838 साली बंद टाकीत दाब देऊन लाकडात डांबरजन्य तेल मुरवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. क्रिओसोट या नावाने ओळखले जाणारे हे तेल पुढे स्लीपरांसाठी सर्वत्र रूढ झाले. दुसरे महत्त्वाचे परिरक्षक भारतातच जन्माला आले. डेहराडून येथील वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी 1933 साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक म्हणजेच सोमल यांच्या क्षारांचे मिश्रण सिद्ध केले. ‘आस्कू’ या नावाने ते जगभर पोहोचले.

या मिश्रणातील तांबे बुरशीला आणि सोमल कीटकांना मारक ठरतो. क्रोमियम या दोहोंना लाकडाच्या तंतूंशी जखडून ठेवतो. पावसाने विष सहजासहजी धुऊन जात नाही, ते यामुळेच. परंतु धुऊन न जाणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. जमिनीशी संपर्क येणाऱ्या लाकडासाठी अमेरिकेत रूढ असलेल्या प्रमाणानुसार एका घनमीटर लाकडात या द्रव्यांची सुमारे 6.4 किलोग्रॅम ऑक्साइडे मुरवली जात. त्यांतील निव्वळ सोमल सुमारे 1.4 किलोग्रॅम भरतो.

असे लाकूड जाळणे हा सर्वांत मोठा धोका होय. अग्नीने तंतू भस्म होतात. मूलद्रव्य असलेला सोमल मात्र नष्ट होत नाही. त्याचा काही भाग धुराबरोबर हवेत जातो आणि उरलेला राखेत साठतो. शिवाय, लाकडात जखडलेला सोमल राखेतून पाण्यात सहज विरघळू शकतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एका ग्रामीण कुटुंबाने हिवाळ्यात घरातील शेगडीत अशा लाकडाचे तुकडे जाळले. त्या कुटुंबातील माणसांना केस गळणे, अंगावर चट्टे उठणे असे विकार जडल्याचे 1984 साली वैद्यकीय नियतकालिकात नमूद झाले. म्हणून हे लाकूड चुलीत, बंबात किंवा शेकोटीत कदापि घालू नये. त्याची राख भांडी घासण्यास किंवा खत म्हणून वापरू नये.

हाताळताना घ्यावयाची काळजी साधी आहे. नुकतेच परिरक्षित केलेले लाकूड रसायने पुरती स्थिर होऊन ते सुकेपर्यंत वापरावयास घेऊ नये. कापणे व रंधणे ही कामे उघड्या जागी, नाकातोंडावर योग्य मुखवटा, डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे घालून करावीत. खाली कापड अंथरून भुसा गोळा करावा. जेवणापूर्वी हात धुवावेत आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत. क्रिओसोट त्वचेला लागून त्यावर ऊन पडल्यास दाह होतो, हेही ध्यानात ठेवावे. पोळपाट, धान्याची कोठी, गुरांची गव्हाण किंवा मधमाश्यांची पेटी यांसाठी असे लाकूड निषिद्ध मानावे. त्याचा भुसा गुरांखाली अंथरू नये वा कंपोस्टात टाकू नये.

विल्हेवाटीत खरी अडचण ओळखण्याची असते. नव्या लाकडावरील हिरवट छटा उन्हापावसाने उडून जाते आणि जुना खांब साध्या सरपणासारखा दिसू लागतो. त्यामुळे जुने खांब, स्लीपर किंवा कुंपणाच्या मेखा यांचा पूर्वेतिहास ठाऊक नसेल तर त्या परिरक्षित आहेत असेच धरून चालावे. धड असलेले तुकडे शक्यतो पुन्हा कुंपणासारख्याच कामी लावावेत. निरुपयोगी तुकडे व भुसा इतर कचऱ्यापासून वेगळे ठेवून, तळातून पाझर होऊ न देणाऱ्या, घातक कचऱ्यासाठी राखलेल्या जागीच पोहोचवावेत.

अमेरिकेत 2003 च्या अखेरीपासून घरगुती बांधकामासाठी सोमलयुक्त परिरक्षकांचा वापर उत्पादकांनी थांबवला आणि तांब्यावर आधारलेली सोमलरहित मिश्रणे पुढे आली. पावसापासून सुरक्षित असलेल्या लाकडासाठी बोरॉनचे क्षारही उपयोगी पडतात. तथापि त्यापूर्वी उभारलेले लाकूड आजही अनेक ठिकाणी आहे. ते काढले जाईल तेव्हा सरपणात जाऊ नये, याची दक्षता ते उपटणाऱ्याने आणि विकत घेणाऱ्याने घ्यावयास हवी.